मुक्त सॉफ्टवेअर आणि देशाची सुरक्षा : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबारकडचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी, एमआयडीसीतले लहान कारखानदार आणि फवारणीचे ड्रोन चालवणारे यांच्या मनात येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कोणता कोड उघडा टाकायचा (म्हणजे कुणालाही बघता, वापरता, बदलता येईल असा), कोणता जपून ठेवायचा आणि कुठे आधी परवानगी घ्यायची, एवढ्यापुरतंच हे आहे. प्रत्यक्ष अर्ज किंवा करार करायची वेळ आली तर वकील किंवा निर्यात सल्लागाराला विचारून घ्या.

हा तर दिल्ली-वॉशिंग्टनचा विषय. खान्देशाचा त्यात काय संबंध?

वरणगावला आणि भुसावळला आयुध निर्माणी आहेत. दीपनगरला औष्णिक वीज केंद्र आहे, भुसावळ मोठं रेल्वे जंक्शन आहे. याच टापूत रावेर-यावलच्या केळीच्या बागा आहेत आणि बागांवर आता ड्रोन फिरायला लागलेत. ड्रोनला वाट दाखवणारं आर्डूपायलट, फोटोंचा नकाशा करणारं ओपनड्रोनमॅप, नेटवर्क तपासणारं एनमॅप ही सगळी साधनं फुकट आणि उघडी आहेत. कॉलेजातला पोरगा ती दुपारी उतरवून घेतो आणि संध्याकाळी चालवतो. त्याच कोडने करप्यावर फवारा मारता येतो आणि कुंपणापलीकडे डोकावताही येतं. कायद्याच्या भाषेत याला दुहेरी वापर म्हणतात.

सोर्स कोड इंटरनेटवर टाकला म्हणजे तो निर्यात केला असं होतं का?

भारतात दुहेरी वापराच्या वस्तूंची यादी आहे, तिला स्कोमेट म्हणतात. ती विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, सांभाळतं. यादीत वस्तूंबरोबर सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञानही येतं, त्यामुळे ‘मी खोका पाठवला नाही, फक्त ईमेल केला’ हा बचाव चालत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये भारत वासेनार कराराचा, म्हणजे शस्त्रं आणि दुहेरी वापराच्या वस्तूंच्या निर्यातीवरच्या अनेक देशांच्या कराराचा, सदस्य झाला. स्कोमेटचा आठवा वर्ग त्याच कराराच्या यादीवर बेतलेला आहे. इलेक्ट्रॉनिक्स, संगणक, दूरसंचार, माहिती सुरक्षा, सेन्सर, दिशादर्शन अशी त्याची पोटविभागणी आहे.

या चौकटीत एक मोठी सूट आहे. पुढे वाटण्यावर कसलंही बंधन न ठेवता सर्वांसाठी खुलं केलेलं सॉफ्टवेअर नियंत्रणाखाली येत नाही. त्यावर कॉपीराइट आहे, जीपीएल किंवा एमआयटीसारखा परवाना आहे, एवढ्याने ही सूट जात नाही. म्हणजे सार्वजनिक रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या ऑनलाइन जागेत), लॉगिन न मागता, परवान्याची फाइल जोडून ठेवलेला कोड साधारणपणे मोकळा असतो.

मग लोक अडकतात कुठे?

अर्धवट उघडं ठेवण्यात. पूर्ण उघडं असेल तर सूट मिळते. पूर्ण बंद, देशातच आणि स्वतःपाशी असेल तर निर्यातच नसते. मधली अवस्था नडते:

- रिपॉझिटरी खासगी आहे, पण तिच्यात परदेशातल्या एका ग्राहकाला प्रवेश दिलेला आहे.
- मूळ कोड उघडा आहे, पण खरी करामत असलेलं ‘प्रो’ मॉड्यूल ईमेलने बाहेर पाठवलं जातं.
- कोड उघडा आहे, पण तो कसा जुळवायचा आणि कॅलिब्रेट कसा करायचा ते व्हिडिओ कॉलवर फक्त त्या ग्राहकाला शिकवलं जातं. हे तंत्रज्ञान पुरवणं झालं. उघड्या कोडची सूट त्याला आपोआप लागू होत नाही.

असा व्यवहार करण्याआधी वस्तू किंवा सॉफ्टवेअर स्कोमेटच्या कोणत्या नोंदीत बसतं ते लिहून काढा. नुसतं नाव जुळतं का हे बघू नका. पल्ला, वजन, वेग, सांकेतिकीकरणाच्या किल्लीची लांबी असे आकडे जुळतात का ते बघा. नोंदीत बसत असेल तर डीजीएफटीच्या पोर्टलवर परवान्यासाठी अर्ज करावा लागतो. त्यासाठी आयात-निर्यात कोड, खरेदीची ऑर्डर, तांत्रिक तपशील आणि शेवटी माल वापरणाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं. अर्ज बऱ्याचदा या शेवटच्या कागदावर रखडतो. कारण मधल्या व्यापाऱ्याचं प्रमाणपत्र जोडलेलं असतं आणि माल वापरणार तिसराच असतो.

यादीत नसलेली वस्तूही सुटते असं नाही. ती सामूहिक संहाराच्या शस्त्रांसाठी जाणार हे तुम्हाला माहीत असेल, तर यादी न बघताही परवानगी लागते.

एन्क्रिप्शन असलेला कोड उघडा टाकणं गुन्हा आहे का?

नाही. तरी ही भीती आली कुठून, ते पाहण्यासारखं आहे. फिल झिमरमन यांनी १९९१ मध्ये पीजीपी हे सांकेतिकीकरणाचं साधन वाटलं. अमेरिकेत तेव्हा मजबूत एन्क्रिप्शन युद्धसामग्रीत मोजलं जायचं, म्हणून त्यांची चौकशी लागली. १९९५ मध्ये एमआयटी प्रेसने तो सगळा कोड पुस्तकात छापला. छापील पुस्तक देशाबाहेर नेता येतं, मग त्यातलाच कोड फ्लॉपीवर का नेता येत नाही, असा पेच उभा राहिला. १९९६ च्या सुरुवातीला चौकशी बंद झाली. पुढे अमेरिकेने नियम सैल केले. मार्च २०२१ पासून प्रमाणित एन्क्रिप्शन असलेला मुक्त कोड प्रसिद्ध करताना सरकारला ईमेल पाठवण्याची अटही काढून टाकली. स्वतः शोधलेल्या, अप्रमाणित अल्गोरिदमला ती अट अजून आहे.

आपल्याकडे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ८४अ खाली एन्क्रिप्शनच्या पद्धती ठरवण्याचा अधिकार केंद्राकडे आहे. रोजच्या कामात एवढं सांभाळा: एईएस, आरएसए यांसारखं प्रमाणित तंत्र प्रसिद्ध लायब्ररीतून (तयार कोडच्या संचातून) घ्या. घरचा अल्गोरिदम लिहू नका. तो अमेरिकेच्या नियमात अडकू शकतो आणि फुटतोही लवकर.

आम्ही भारतात, कोड आमचा. अमेरिकेचे निर्बंध आम्हाला का लागावेत?

कोड ठेवलेली जागा अमेरिकी कंपनीची असते म्हणून. जुलै २०१९ मध्ये गिटहबने इराण, सीरिया आणि क्रिमियातल्या वापरकर्त्यांच्या खासगी रिपॉझिटरी बंद केल्या. इराणसाठी अमेरिकी परवाना मिळायला जानेवारी २०२१ उजाडलं. ऑक्टोबर २०२४ मध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या मुक्त संगणक प्रणालीच्या गाभ्याच्या) देखभालकर्त्यांच्या यादीतून रशियाशी संबंधित काही जणांची नावं निर्बंधांच्या कारणाने काढली गेली. त्यांचा कोड तसाच राहिला, फक्त अधिकार गेला.

भारतावर तशी वेळ आलेली नाही. पण एका कंपनीच्या सर्व्हरवर सगळा जीव टांगून ठेवू नये. आठवड्यातून एकदा रिपॉझिटरीची मिरर प्रत, म्हणजे सगळ्या शाखा आणि टॅगसकट, आपल्या मशीनवर उतरवून ठेवा. इश्यू (अडचणींवरच्या चर्चा) आणि विकी (माहितीची पानं) वेगळे उतरवावे लागतात, ते मिरर प्रतीत येत नाहीत. कोड वाचला आणि चार वर्षांच्या चर्चा गेल्या, असं होतं ते यामुळेच.

कोड उघडा असला की शत्रूलाही दिसतो. मग बंद सॉफ्टवेअर जास्त सुरक्षित नाही का?

कुलपाची रचना सगळ्यांना माहीत असली तरी किल्लीवाचून ते उघडता कामा नये, हा विचार केर्कहॉफ्स या सांकेतिकीकरणाच्या अभ्यासकाने १८८३ मध्येच मांडला होता. आजचं सगळं एन्क्रिप्शन त्यावर उभं आहे. पण ‘उघडं म्हणजे सुरक्षित’ हेही खरं नाही. लॉगफोरजे या जावा लायब्ररीतली डिसेंबर २०२१ मध्ये उघड झालेली त्रुटी २०१३ पासून कोडमध्ये बसून होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पाहता येत होतं, पण पाहिलं कुणी नाही.

दुसरं उदाहरण एक्सझेड युटिल्सचं. फाइल लहान करणारं हे साधं साधन बहुतेक लिनक्स मशीनवर असतं. जिया टॅन या नावाने कुणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ नीट काम करून विश्वास कमावला आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार, म्हणजे गुपचूप आत शिरायची वाट, बसवलं. त्या दाराचा मुख्य धागा गिटमधल्या (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या साधनातल्या) कोडमध्ये नव्हताच. प्रकाशनासाठी बांधलेल्या टारबॉलमधल्या (एकत्र गठ्ठा केलेल्या फाइलमधल्या) बिल्ड स्क्रिप्टमध्ये, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्राम बनवणाऱ्या सूचनांमध्ये, तो होता. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे जायची पद्धत) लॉगिनला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. त्याने खोदत जाऊन ते बाहेर काढलं. कोड बंद असता तर असं खोदता आलं नसतं. पण अर्धा सेकंद कुणाला खुपला नसता तर उघडा कोडही कामाला आला नसता, हेही मान्य करायला हवं.

कारखान्यात किंवा कॉलेजात यावर करण्यासारखं:

१. कोणत्या मशीनवर कोणती लायब्ररी, कोणती आवृत्ती, याची यादी ठेवा. तिला एसबीओएम म्हणतात, सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने तिच्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. लॉगफोरजेच्या वेळी ज्यांच्याकडे यादी नव्हती त्यांना ‘आपल्याकडे ते आहे का’ हे शोधण्यातच दिवस घालवावे लागले.
२. आवृत्ती पक्की बांधा. ‘नेहमी सगळ्यात नवीन’ असं सेटिंग ठेवू नका.
३. उतरवलेल्या फाइलचा एसएचए-२५६ हॅश (फाइलवरून काढलेला ठशासारखा आकडा) प्रकल्पाच्या मूळ पानावरच्या हॅशशी ताडून बघा. मात्र एक्सझेडसारख्या प्रकरणात हॅश जुळूनही धोका राहतो. म्हणून महत्त्वाच्या ठिकाणी गिटच्या टॅगवरून स्वतः बिल्ड करा.

आर्डूपायलटवर फवारणीचा ड्रोन बांधतोय. सुरक्षेच्या बाजूने काय काय लागतं?

आधी आकाश. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे ग्रीन झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. जळगाव विमानतळाच्या आसपासच्या शिवारात हे लक्षात ठेवा. लष्करी आणि संवेदनशील आवारं रेड झोनमध्ये असू शकतात आणि तिथे केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. वरणगाव-भुसावळ भागातल्या मळ्यावर जाण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन पोर्टलचा नकाशा त्याच दिवशी बघा, कारण झोन बदलतात. मागच्या हंगामात चाललं होतं म्हणून आजही चालेल असं नाही.

कॉलेजांना संशोधनासाठी बरीच मोकळीक आहे. ग्रीन झोनमध्ये, स्वतःच्या आवारात किंवा ताब्यातल्या मोकळ्या जागेत चाचणी असेल तर नोंदणी क्रमांक आणि पायलट प्रमाणपत्र लागत नाही. शेजारच्या शेतकऱ्याच्या बागेत पैसे घेऊन फवारलं की ती मोकळीक संपली.

मग फर्मवेअर, म्हणजे ड्रोनच्या आत बसवलेलं सॉफ्टवेअर. आर्डूपायलटमधली आभासी कुंपणाची सोय, म्हणजे जिओफेन्स, मुळात बंद असते. ती हाताने चालू करावी लागते. उंचीची मर्यादा मुळात १०० मीटर असते. ४०० फूट म्हणजे सुमारे १२० मीटर, त्यामुळे, २०० फुटांचा पट्टा सोडला तर, ती आहे तशीच ठेवलेली बरी. पॅरामीटर रीसेट झाले की कुंपण परत बंद होतं. कंट्रोलर बदलल्यावर हे तपासायचं राहून जातं. कुंपणाची नोंद उड्डाणाआधीच्या तपासयादीत लिहा.

आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. ड्रोन पडला की लोक त्याची लॉग फाइल मदतीसाठी जगभरच्या अनोळखी माणसांना पाठवतात. त्या फाइलमध्ये उड्डाणाचे सगळे अक्षांश-रेखांश असतात. सुरुवातीची जागा कोणती, कोणत्या तारखेला किती वाजता उडवला, तेही असतं. केळीची बाग असेल तर बिघडत नाही. एखाद्या सरकारी आवाराशेजारी काम केलं असेल, तर तुम्ही तिथला नकाशा आणि वेळापत्रक वाटलं असा अर्थ होतो. लॉग पाठवण्याआधी दुसऱ्या जागी तसाच दोष पुन्हा घडवून बघता येतो का ते पाहा. नाहीच जमलं तर फक्त कंपनाचे, विजेच्या दाबाचे आलेख काढून तेवढेच पाठवा.

जीपीएल परवान्यामुळे बदललेला कोड जगाला द्यावाच लागतो. मग ग्राहक संरक्षण क्षेत्रातला असेल तर?

‘जगाला’ हा गैरसमज आहे. आर्डूपायलट जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली आहे. ज्याला तुम्ही चालतं फर्मवेअर दिलं, त्याला सोर्स देणं बंधनकारक असतं. त्याने पुढे तो कोड वाटावा की नाही हे त्याच्या मर्जीवर. तुम्ही स्वतःच्या ड्रोनवर वापरण्यासाठी बदल केले आणि कुणाला दिलेच नाहीत, तर कुणालाच सोर्स द्यावा लागत नाही. पीएक्सफोर हे आर्डूपायलटसारखंच दुसरं सॉफ्टवेअर बीएसडी परवान्याखाली आहे, तिथे ही सक्तीही नाही.

पण ग्राहकाला ‘हा कोड कुणाला दाखवायचा नाही’ असं जीपीएलच्या कोडवर लिहून घेता येत नाही. गोपनीय भाग असेल तर तो वेगळा प्रोग्राम म्हणून सोबतच्या संगणकावर चालवा. मॅव्हलिंक या संदेशपद्धतीने तो उड्डाण नियंत्रकाशी बोलू शकतो.

तयार ड्रोन बाहेर विकायचा असेल तर?

२०२३ मध्ये डीजीएफटीने नागरी वापराच्या ड्रोनसाठी सर्वसाधारण परवानगी आणली. २५ किलोमीटरपर्यंत पल्ला आणि २५ किलोपर्यंत भार असेल, तर एकदा घेतलेली परवानगी ३ वर्षं चालते. मात्र या सवलतीतून त्या ड्रोनचं सॉफ्टवेअर आणि तंत्रज्ञान वगळलेलं आहे. तेव्हा नुसतं बदललेलं बंद फर्मवेअर परदेशी पाठवायचं असेल, तर ते वेगळं तपासून घ्या.

ड्रोनच्या फोटोंपासून नकाशा केला. तो इंटरनेटवर टाकू का?

फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी बरंच मोकळं केलं. आधीची परवान्यांची रांग गेली. पण आडव्या दिशेने १ मीटर आणि उंचीत ३ मीटर यापेक्षा जास्त अचूक नकाशे फक्त भारतीय संस्था-व्यक्तींनी करायचे आणि भारतातच साठवायचे, भारतातच प्रक्रिया करायची.

इथे पिक्सेल आणि अचूकता यांची गल्लत होते. ३ सेंटिमीटरचा पिक्सेल म्हणजे ३ सेंटिमीटरची अचूकता नव्हे. साध्या जीपीएसवर काढलेला नकाशा स्पष्ट दिसूनही मीटर-दोन मीटर सरकलेला असू शकतो. चार कोपऱ्यांत आणि मध्ये असे पाच नियंत्रण बिंदू आरटीकेने (सेंटिमीटरपर्यंत अचूक जीपीएस मोजणीने) मोजून घेतले, की तोच नकाशा काही सेंटिमीटरवर येतो आणि भारतातच ठेवायच्या जास्त अचूक नकाशांत मोडतो. मग तो परदेशातल्या क्लाउडवर प्रक्रियेसाठी पाठवू नका. ओपनड्रोनमॅप घरच्या मशीनवर चालतं. साधारण २५० फोटोंना १६ जीबी रॅम पुरते, ५०० फोटोंना ३२ जीबी धरा. रॅम कमी पडली तर मशीन अडतं, कधी मध्येच काम थांबतं. अशा वेळी शिवाराचे तुकडे पाडून करा.

संवेदनशील आवार फ्रेममध्ये आलं तर तो भाग आधीच कापा. ‘हे अमुक खात्याचं कोठार’ असं नाव लावायचं नाही. १९२३ चा शासकीय गुपिते कायदा अजून लागू आहे, आणि ‘सॉफ्टवेअर मुक्त होतं’ हे त्यात उत्तर ठरत नाही.

एनमॅप, वायरशार्क, मेटास्प्लॉइट अशी नेटवर्क तपासायची आणि त्यात शिरून बघायची साधनं ठेवणं बेकायदेशीर आहे का?

ठेवणं, शिकणं, स्वतःच्या मशीनवर चालवणं यात काही गैर नाही. मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या यंत्रणेवर चालवलं की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ आणि ६६ लागतं: ३ वर्षांपर्यंत कैद, ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. सरकारने ‘संरक्षित यंत्रणा’ म्हणून जाहीर केलेल्या संगणकात शिरण्याचा नुसता प्रयत्न केला तरी कलम ७० खाली १० वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गंमत म्हणून वीज केंद्राचा पत्ता स्कॅन करू नका.

परवानगी तोंडी घेऊ नका. कोणते आयपी पत्ते, कोणत्या तारखेला किती ते किती, कोणती साधनं, बिघाड झाला तर कुणाला फोन करायचा, हे एका पानावर लिहून सही घ्या.

परवानगी असली तरी कारखान्याच्या पीएलसीवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, जपून. जुन्या पीएलसीला ५०२ नंबरच्या मॉडबस (यंत्रांच्या संदेशपद्धतीच्या) पोर्टवर एकदम भरपूर विचारणा आल्या की ते लटकतात. डाळ मिल असो की पाइपची एक्स्ट्रूजन लाइन, पीएलसी अडकला की मशीन मध्येच थांबतं आणि आत असलेला माल वाया जातो. चालू लाइनवर नेटवर्क स्विचच्या मिरर पोर्टवरून (जिथे सगळ्या संदेशांची प्रत मिळते) नुसतं ऐका. स्कॅन करायचाच असेल तर मशीन बंद असताना करा.

एखाद्या यंत्रणेत त्रुटी सापडली तर जाहीर करू का?

लगेच नको. आधी मालकाला किंवा उत्पादकाला कळवा, सोबत सर्ट-इनला. वीज, रेल्वे, बँकिंगसारख्या पायाभूत यंत्रणेची त्रुटी असेल तर अशा यंत्रणांच्या सुरक्षेसाठीच्या एनसीआयआयपीसी या केंद्रीय संस्थेला कळवा. दोघांकडेही त्यासाठी ठरलेली पद्धत आहे. आवृत्ती, पायऱ्या आणि परिणाम लिहा. त्रुटी सिद्ध करायला लागेल तेवढंच करा, माहिती उतरवून ‘पुरावा’ गोळा करू नका. चांगल्या हेतूचा माणूस तिथेच गुन्ह्यात सापडतो.

आमच्याच कारखान्यात हल्ला झाला तर?

सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायचं असतं आणि १८० दिवसांचे लॉग ठेवायचे असतात. साध्या राउटरमधले लॉग वीज गेली की पुसले जातात, आणि वीज कधी जाते ते सांगायला नको. एखाद्या जुन्या संगणकावर लॉग साठवण्याची सोय करा. सगळ्या मशीनची घड्याळं एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या एनटीपी (अचूक वेळ देणाऱ्या) सर्व्हरशी जुळवा. घड्याळं जुळत नसतील तर कुठली घटना आधी घडली तेच लागत नाही.

सरकार स्वतः मुक्त सॉफ्टवेअर वापरतं का?

हो. २०१५ चं केंद्राचं धोरणच मुक्त सॉफ्टवेअरला पसंती द्या असं सांगतं. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेचं बॉस लिनक्स आहे. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबंटूवर आधारलेली माया ही प्रणाली आणली.

कॉलेजचा प्रोजेक्ट उघडा करण्याआधी काय तपासायचं?

कोड एका फोल्डरमध्ये, सेटिंग दुसऱ्यात. सेटिंगच्या फाइलमध्ये आयपी पत्ते, पासवर्ड, अक्षांश-रेखांश, मोबाइल नंबर असतात. ती रिपॉझिटरीत जाऊ देऊ नका, तिच्याऐवजी खोट्या किमतींची नमुना फाइल ठेवा. नमुना फोटोंतली एक्झिफ माहिती (फोटोत दडलेली जागा, वेळ, कॅमेरा) काढा. प्रोजेक्ट एखाद्या कारखान्यात केला असेल तर त्यांच्या पॅनेलचा फोटो, लॅडर आकृती (पीएलसीच्या प्रोग्रामची आकृती), नेटवर्कचा आराखडा यांसाठी लेखी होकार घ्या. एमक्यूटीटीचा ब्रोकर (सेन्सरचे संदेश पोचवणारा सर्व्हर) पासवर्डाविना ठेवून ‘डेमोसाठी’ म्हणत तसाच सोडू नका. डेमो संपतो आणि ब्रोकर चालूच राहतो.

चुकून पासवर्ड किंवा जागेचा तपशील वर गेला. फाइल काढून टाकली, आता ठीक ना?

नाही. गिटच्या इतिहासात ती फाइल तशीच असते. गिट-फिल्टर-रेपोने इतिहास धुता येतो, पण तोवर कुणी प्रत घेतली असेल, फोर्क केला (स्वतःच्या खात्यात नकलून घेतला) असेल किंवा सॉफ्टवेअर हेरिटेजसारख्या संग्रहात ती गेली असेल, तर ती परत येत नाही. म्हणून क्रम उलटा ठेवा. आधी पासवर्ड आणि किल्ल्या बदला. मग जुन्या किल्लीने कुणी आत येऊन गेलं का ते लॉगमध्ये बघा. इतिहास धुण्याचं काम शेवटी. अक्षांश-रेखांश मात्र बदलता येत नाहीत. जागा दुसऱ्याची असेल तर त्या आवाराच्या मालकाला त्याच दिवशी लेखी कळवा: काय गेलं, कधी गेलं, किती वेळ उघडं होतं.